एनएलआर 6 आला म्हणजे बाबा सिरियस का?

प्रश्न : नमस्कार डॉक्टर, माझे बाबा 67 वर्षांचे, दमा जुना आहे. चार दिवस ताप-खोकला होता म्हणून टेस्ट केली तर कोविड निघाला. धाप लागत होती म्हणून आमच्या डॉक्टरांनी परवापासून प्रेडनिसोलोनच्या गोळ्या चालू केल्यात. काल सीबीसी (रक्तपेशींची तपासणी) केलं, पांढऱ्या पेशींपैकी न्यूट्रोफिल 78 टक्के आणि लिंफोसाइट 13. दोघांचा भागाकार म्हणजे एनएलआर काढला तर 6 आला, आणि नेटवर वाचलं की 3 च्या वर गेलं की धोका. घरात सगळे घाबरलेत. मावशीला डेंग्यू झालाय, तिचं 32 आणि 54, म्हणजे 0.6. मग ती सेफ ना?
– एक वाचक, सातारा

उत्तर : आधी बाबांच्या बोटाला ऑक्सिमीटर लावा. 94 च्या खाली असेल किंवा बोलताना दम लागून वाक्य तुटत असेल तर बाकीचं नंतर वाचा, आधी दवाखाना गाठा.

आता त्या 6 चं. 2020 च्या सुरुवातीला चीनमधल्या डॉक्टरांच्या लक्षात आलं की ज्यांचा कोविड वाढत गेला त्यांच्या रक्तात लिंफोसाइट कमी आणि न्यूट्रोफिल जास्त असायचे, आणि तिथल्याच एका अभ्यासात 50 च्या पुढचं वय आणि 3.13 च्या वरचा एनएलआर हे दोन्ही असले तर जपा असं निघालं. पण तो अभ्यास होता जेमतेम 61 पेशंटचा, आणि आकडा वयासोबत वाचायचा होता, नेटवर फिरताना वय गळून पडलं आणि 3 तेवढा राहिला.

तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे ती प्रेडनिसोलोन, ते स्टेरॉइड आहे. स्टेरॉइड पोटात गेलं की रक्तवाहिन्यांच्या भिंतीला चिकटून बसलेले न्यूट्रोफिल सुटून रक्तात येतात आणि लिंफोसाइट रक्तातून बाहेर जातात, म्हणजे काही तासांतच वरचा आकडा वाढतो आणि खालचा घटतो, आजार तेवढाच असला तरी. त्यामुळे हा 6 कोविडचा किती आणि गोळीचा किती हे एका रिपोर्टवरून कुणालाच सांगता येणार नाही. गोळी सुरू व्हायच्या आधीचं सीबीसी असेल तर शोधून काढा, त्याची किंमत जास्त. पण म्हणून मनानं गोळी बंद करू नका हं, ती दम्यासाठी दिलीय.

मावशीची मला जास्त काळजी वाटते, खरं सांगतो. डेंग्यूत पांढऱ्या पेशीच कमी होतात, त्यातही न्यूट्रोफिल घसरतात आणि लिंफोसाइटची टक्केवारी वर दिसते, म्हणून 0.6 हे डेंग्यूत नेहमीचंच. त्यावरून सेफ म्हणता येत नाही. तिचा हिमॅटोक्रिट बघा, म्हणजे रक्तात लाल पेशींचा वाटा किती टक्के ते, पीसीव्ही म्हणूनही लिहिलेलं असतं. समजा आधी 36 होता आणि आता 44 झाला, सोबत प्लेटलेट भराभर उतरतायत, तर रक्तातलं पाणी वाहिन्यांबाहेर झिरपतंय. आणि हे बहुतेक वेळा ताप उतरताना होतं, तिसऱ्या ते सातव्या दिवसात, जेव्हा घरचे म्हणतात चला आता बरी झाली. पोटात सारखं दुखणं, उलट्या न थांबणं, हिरड्यातून रक्त, खूप सुस्ती किंवा लघवी कमी होणं, यातलं एक जरी दिसलं तरी रात्र असो नाहीतर दिवस, लगेच ॲडमिट करा. तापाला फक्त पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक किंवा ॲस्पिरिन अजिबात नको.

दोघांचेही रिपोर्ट दाखवायला नेताना ताप कधी सुरू झाला ती तारीख आणि चालू गोळ्यांची नावं कागदाच्या मागे लिहून न्या.