कपाटातला लॅपटॉप आधी बाहेर काढा

पत्र : मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. मुलगा बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्सच्या तिसऱ्या वर्षाला आहे, मागच्या वर्षीचा एक विषय राहिलेला आहे. माझ्या साडूंचा मुलगा पुण्यात चांगल्या पॅकेजवर लागला. आमच्या मुलानेही सहा महिन्यांत सीसीएनए (सिस्कोचं नेटवर्किंगचं), एमसीएसई (मायक्रोसॉफ्टचं) आणि रेड हॅट (लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचं) ही तिन्ही सर्टिफिकेट्स पूर्ण करावीत, असं मी ठरवलं आहे. एक क्लास ९५ हजारांत तिन्ही करून देतो, नोकरीची हमीही देतो. सरावासाठी घरी लॅब लागते म्हणून एका विक्रेत्याने जुना रॅक सर्व्हर, तीन राउटर आणि दोन स्विच यांचं १ लाख ४० हजारांचं कोटेशन दिलं आहे. पतसंस्थेचं कर्ज काढायची तयारी आहे. मुलगा मात्र गंभीर नाही. ८ जीबी रॅमचा लॅपटॉप घेऊन तासन्‌तास काळ्या पडद्याकडे बघत बसतो, तेच तेच पुसतो आणि पुन्हा टाकतो. दिवाळीच्या सुट्टीत वायफायच्या राउटरला वायरने लॅपटॉप जोडून काहीतरी केलं आणि दोन दिवस घरातल्या कोणाच्याच मोबाइलवर नेट चालेना. तेव्हापासून लॅपटॉप मी कपाटात ठेवतो. संध्याकाळी दोन तास, माझ्यासमोर बसून वापरायचा, असा नियम केला आहे. लॅबसाठी नेमकं काय घ्यावं, त्याची यादी द्यावी.
— एक पालक, सोलापूर जिल्हा

उत्तर :

सर, यादी देते, पण ती तुमच्या अपेक्षेपेक्षा खूपच लहान असेल. त्याआधी ज्या गोष्टीने मला काळजी वाटली, ती सांगते.

तुमच्या पत्रात क्लासची फी आहे, कोटेशन आहे, साडूंच्या मुलाचं पॅकेज आहे. तुमच्या मुलाचं म्हणणं मात्र एका ओळीतही नाही. त्याला नेटवर्किंग आवडतं का, लिनक्स आवडतं का, की त्याला प्रोग्रॅमिंगकडे जायचं आहे, हे मला पत्रावरून कळलं नाही. तुम्ही त्याला विचारलं असतं, तर ते पत्रात आलं असतं, असं वाटतं. तीन सर्टिफिकेट्स तुम्ही ठरवली, मुदत तुम्ही ठरवली, आता यंत्रंही तुम्हीच ठरवणार. वीस वर्षांच्या मुलाच्या वाट्याला यात फक्त तुमच्यासमोर बसणं उरलं आहे. अशा घरातून आलेली मुलं मुलाखतीत मला नेहमी ओळखू येतात. आलेलं उत्तर सांगतानाही ती आधी समोरच्याचा चेहरा वाचतात.

आणि 'गंभीर नाही' हे तुम्ही ज्या दोन गोष्टींवरून ठरवलंत, त्या दोन्ही मला उलट दिसतात. आधी वायफायचं बघू.

घरातल्या राउटरमध्ये डीएचसीपी नावाची एक सेवा चालते. मोबाइल वायफायला जोडला की तो नेटवर्कवर हाक मारतो, 'मला पत्ता द्या.' राउटर त्याला आयपी ॲड्रेस देतो आणि बाहेर जायचा रस्ता आपल्याकडून आहे, हेही सांगतो. तुमच्या मुलाने बहुधा व्हर्च्युअल मशीन बनवलं, म्हणजे लॅपटॉपच्या आत सॉफ्टवेअरने दुसरा कॉम्प्युटर उभा केला, आणि त्यात स्वतःचा डीएचसीपी सर्व्हर चालू केला. त्या मशीनचं नेटवर्क 'ब्रिज्ड' या पर्यायावर असेल, तर ते थेट घरच्या नेटवर्कवर येतं. मग मोबाइलच्या हाकेला दोघंही ओ देतात, आणि ज्याचं उत्तर आधी पोचेल त्याचा पत्ता मोबाइल घेतो. मुलाच्या सर्व्हरने दिलेला रस्ता बाहेर कुठेच जात नाही. वायफायची खूण पूर्ण दिसते आणि व्हॉट्सॲपही उघडत नाही. लॅपटॉप बंद केला तरी काही मोबाइल तो पत्ता मुदत संपेपर्यंत धरून बसतात.

सर, हा बिघाड कंपन्यांमध्ये खरोखर होतो. कोणीतरी घरचा वायफाय राउटर आणून ऑफिसच्या पोर्टमध्ये खुपसतो आणि अख्ख्या मजल्याचं काम थांबतं. तो होऊ नये म्हणून स्विचवर डीएचसीपी स्नूपिंग लावतात, म्हणजे परक्या डीएचसीपी सर्व्हरची उत्तरं स्विच अडवतो, आणि हा मुद्दा सीसीएनएच्या सध्याच्या, म्हणजे २००-३०१ या परीक्षेच्या अभ्यासक्रमात नावानिशी दिलेला आहे. जो प्रश्न बहुतेक मुलं पुस्तकातून पाठ करतात, तो तुमच्या मुलाने कोणी न सांगता घरात घडवून पाहिला. त्या दिवशी 'काय केलंस आणि का बंद पडलं?' एवढं विचारलं असतंत, तर त्याने तुम्हाला अर्धा तास शिकवलं असतं. आजही विचारा. यापुढे डीएचसीपीचे प्रयोग व्हर्च्युअलबॉक्स या व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमधल्या 'इंटर्नल नेटवर्क' या पर्यायावर केले की ते लॅपटॉपच्या आतच राहतात, घरच्यांना त्रास होत नाही. त्याने ते आतापर्यंत शोधूनही काढलं असेल.

आता काळा पडदा. रेड हॅटची पहिली परीक्षा, आरएचसीएसए, यात पर्यायांतून उत्तर निवडायचे प्रश्न नसतात. समोर चालू मशीन देतात आणि कामं सांगतात. डिस्कचे भाग करा, युजर बनवा, सेवा सुरू करा. सगळं काम मशीन पुन्हा सुरू झाल्यावरही टिकलं पाहिजे, अशी अट असते. मुलगा नवीन डिस्क जोडतो, सुरू होताना कोणत्या डिस्क जोडायच्या हे जिच्यात लिहिलेलं असतं त्या एफएसटॅब या फाइलमध्ये तिची एक ओळ लिहितो, त्या ओळीत एक अक्षर चुकतं. रीस्टार्ट केल्यावर मशीन सुरूच होत नाही, काळ्या पडद्यावर इमर्जन्सी मोडचा संदेश येतो आणि रूटचा, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या युजरचा, पासवर्ड मागतो. तिथून परत येता आलं पाहिजे. पासवर्ड माहीत नसलेलं मशीन मध्येच थांबवून आत शिरणं हे तर परीक्षेच्या उद्दिष्टांतच लिहिलेलं आहे. तुम्ही मागून बघता तेव्हा तुम्हाला न हलणारा पडदा दिसतो. तो त्या वेळी विचार करत असतो. पुसून पुन्हा टाकणं हाही अभ्यासच आहे. व्हर्च्युअल मशीनचा स्नॅपशॉट घेऊन ठेवायचा, म्हणजे त्या क्षणाची स्थिती जपायची, मग मनसोक्त मोडायचं, आणि परत त्या स्थितीला यायचं. जी लॅब कधीच मोडत नाही, तिच्यात कोणी काही शिकत नाहीये असं समजा. गणिताच्या वहीतली कच्ची पानं बघून तुम्ही वर्गातल्या पोराला रागावणार नाही, उलट कच्चं काम दाखव म्हणाल. ही तीच पानं आहेत.

मात्र कोणी मागे उभं असेल तर कोणी मुद्दाम मोडत नाही. तुमच्या देखरेखीच्या दोन तासांत तो व्हिडिओ बघेल, वहीत कमांड उतरवून घेईल. अभ्यास चाललेला दिसेल आणि होणार मात्र नाही. म्हणून लॅपटॉप कपाटातून काढून त्याच्या हातात द्या आणि देखरेख थांबवा. माझ्या यादीतलं हे पहिलं काम आहे आणि याला एक रुपयाही लागत नाही.

दुसरं, ते कोटेशन फाडून टाका. घरची लॅब म्हणजे रॅक आणि ब्लिंक होणारे दिवे, ही समजूत विक्रेत्यांनी जोपासलेली आहे. जुना रॅक सर्व्हर दाटीच्या घरात ठेवायची वस्तूच नाही, त्याच्या पंख्यांचा आवाज शेजारच्या खोलीत झोपू देत नाही. विजेचा हिशेब करा. नुसता चालू ठेवायला दीडशे वॅट धरले, तरी दिवसाला साडेतीन युनिटच्या वर आणि महिन्याला शंभरावर युनिट होतात. महावितरणच्या घरगुती बिलात शंभर युनिटनंतर दर कसा चढतो, ते तुम्हाला माहीत आहे. राउटर-स्विचचा सराव सिस्कोच्या पॅकेट ट्रेसरमध्ये, म्हणजे पडद्यावरच खोटे राउटर-स्विच जोडता येणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, होतो. सिस्कोच्या नेटवर्किंग ॲकॅडमीत खातं उघडलं की तो फुकट मिळतो, आणि सीसीएनएचा बहुतेक सगळा प्रत्यक्ष सराव त्यात भागतो, वरच्या डीएचसीपी स्नूपिंगसकट. जुन्या राउटरची केबल हातात घेऊन बघण्यात मजा आहे, हे खरं, पण त्यासाठी पतसंस्थेचं कर्ज काढायचं नसतं.

मग काय घ्यायचं? घरात लॅपटॉप आहेच. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्सखाली सीपीयूवर क्लिक केलं की व्हर्च्युअलायझेशन, म्हणजे व्हर्च्युअल मशीन चालवायची सोय, चालू आहे की बंद, ते लिहिलेलं असतं. बंद असेल तर बायोसमध्ये, म्हणजे लॅपटॉप सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये, जाऊन चालू करायचं, एवढंच. ८ जीबीत दोन-दोन जीबीची दोन लिनक्स मशीन चालतात, ग्राफिक पडदा न घेता. सुरुवातीला तेवढी पुरे. जुनी फिरती हार्ड डिस्क असेल, तर ती बदलून एसएसडी, म्हणजे फिरता भाग नसलेली वेगवान डिस्क, टाकणं हा पहिला खर्च. लॅपटॉपमध्ये रॅम वाढवायची जागा असेल, तर १६ जीबी करणं हा दुसरा. काही लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच पक्की बसवलेली असते, म्हणून दुकानदाराला उघडून बघायला सांगा आणि मगच पैसे द्या. सॉफ्टवेअरला खर्च नाही. व्हर्च्युअलबॉक्स फुकट आहे. त्याच कामाचं व्हीएमवेअर वर्कस्टेशन प्रो आधी विकत घ्यावं लागायचं, २०२४ मध्ये तेही मोफत झालं. रेड हॅट स्वतः एकट्या शिकणाऱ्याला डेव्हलपर सबस्क्रिप्शन फुकट देतं. ते नको असेल तर रेड हॅटसारखीच मोफत रॉकी लिनक्स किंवा अल्मालिनक्स आहेत. विंडोज सर्व्हरची १८० दिवसांची चाचणी आवृत्ती मायक्रोसॉफ्टच्याच साइटवर मिळते. चोरीचं सॉफ्टवेअर कोणी पेन ड्राइव्हवर आणून देत असेल, तर त्याची काहीही गरज नाही.

क्लासबद्दल स्पष्ट सांगते. मायक्रोसॉफ्टने एमसीएसई ३१ जानेवारी २०२१ रोजी बंद केलं. जे सर्टिफिकेट आता कोणाला मिळूच शकत नाही, त्याचे पैसे हा क्लास तुमच्याकडून मागतोय. एक तर त्यांना हे माहीत नाही, किंवा माहीत असून ते सांगत नाहीत. दोन्ही परिस्थितींत तिथे ९५ हजार भरू नका. नोकरीची हमी म्हणजे काय, हे त्यांना लेखी मागून बघा, कोणत्या पदाची, किती पगाराची, न मिळाल्यास फी परत का. 'परीक्षेत येणारे प्रश्न आम्ही देतो' असंही सांगितलं असेल, तर तिथून उठून या. ते डम्प असतात. परीक्षेला बसताना उमेदवार गोपनीयतेचा करार मान्य करतो. तो मोडल्याचं आढळलं तर निकाल रद्द होतो, पुढच्या परीक्षांवर बंदी येऊ शकते, आणि ही शिक्षा क्लासला होत नाही, मुलाला होते.

सहा महिन्यांत तीन सर्टिफिकेट्स हा आग्रहही सोडा. आधी राहिलेला विषय. पदवीच अडकली तर कंपनीच्या पहिल्याच चाळणीत नाव गळेल, मग सर्टिफिकेट कितीही असोत. विषय सुटल्यावर एकच परीक्षा, सीसीएनए किंवा आरएचसीएसए, जी त्याला आवडेल ती. सीसीएनएची फी ३०० डॉलर आणि वर कर आहे, नापास झाल्यास पुन्हा भरावी लागते, म्हणून तारीख त्यानेच ठरवू दे.

साडूंच्या मुलाचा विषय घरात काढू नका. तो कोणत्या वाटेने गेला, पहिल्या नोकरीत काय करायचा, हे पॅकेजच्या आकड्यात दिसत नाही. या क्षेत्रात पहिली नोकरी बहुधा हेल्पडेस्कची किंवा नेटवर्कवर लक्ष ठेवणाऱ्या केंद्रातली, रात्रपाळीची असते. तिथे रात्री दोन वाजता काहीतरी बंद पडतं, वरिष्ठ फोन उचलत नाही, आणि न घाबरता एकेक शक्यता तपासत जायचं असतं. मुलाखतीत विचारतातही तेच. 'लॅबमध्ये काय मोडलं होतं आणि कसं दुरुस्त केलंस?' तुमच्या मुलाकडे या प्रश्नाला दिवाळीतलं एक उत्तम उत्तर तयार आहे. ते त्याने एका पानावर लिहून काढावं: काय दिसलं, काय तपासलं, कारण काय निघालं. असा प्रत्येक बिघाड त्याने वहीत नोंदवला, तर रेझ्युमेत 'लिनक्सचं ज्ञान' असं नुसतं लिहिण्यापेक्षा त्याला सांगण्यासारखं खूप काही असेल. तालुक्याची सहकारी बँक, साखर कारखाना, मोठं हॉस्पिटल, यांच्याकडेही सर्व्हर आणि नेटवर्क असतं. सुट्टीत महिनाभर तिथल्या आयटीवाल्याबरोबर फिरता येईल का, हे त्याने स्वतः जाऊन विचारावं. तुम्ही सोबत जाऊ नका.

एक शक्यता मात्र मोकळी ठेवा. तुम्ही बसून बोललात आणि तो म्हणाला की मला यातलं काहीच करायचं नाही, वायफायचा प्रयोग फक्त गंमत म्हणून केला होता, तर तेही ऐकून घ्या. मग वरची यादी विसरा, आपण दुसऱ्या वाटा बघू. पण ते त्याच्या तोंडून आलं पाहिजे. पुढचं पत्र त्यालाच लिहायला सांगा, आणि पाठवण्याआधी ते वाचायला मागू नका.