ताटली वाकली, तिथूनच सुरुवात

प्रश्न : मुलगी बारावी सायन्सला आहे, गणित घेतलंय. बगॅस (उसाचा चोथा) आणि मक्याच्या स्टार्चची ताटली करून तिने प्रदर्शनात ठेवली. आता असंच प्लॅस्टिक बनवायला शिकायचं म्हणते. घरचे म्हणतात, कॉम्प्युटर घे. यात पोट भरेल का?
– एक पालक, ता. वाळवा

सप्रेम नमस्कार,

आठवड्यात ताटलीच्या कडा वर वळल्या, हे तुम्ही संकोचाने लिहिलंत. मी मात्र तुम्ही पाठवलेला फोटो बराच वेळ पाहत होतो. या क्षेत्रातलं रोजचं भांडण तेच आहे. वनस्पतीचा तंतू पाणी ओढतो, बहुतेक प्लॅस्टिकला पाणी चालत नाही. दोघांना एकत्र नांदवायचं तर तंतू कॉस्टिक सोड्याने धुवावा लागतो, कडकडीत वाळवावा लागतो; ओल राहिली की मोल्डिंग मशीनच्या बॅरलमध्ये वाफ धरते आणि भाग पोकळ, फोडांचा निघतो. त्यात उष्णतेची अडचण. साखरेपासून बनणारं पीएलए नावाचं प्लॅस्टिक साधारण १७० ते १८० अंशांना वितळतं आणि २०० च्या पुढे तंतू करपू लागतो. एवढ्याशा फटीत साचा भरायचा. ज्याला हे जमतं, त्याला काम आहे.

दोन समज मात्र लेकीच्या मनातून आत्ताच काढा. बगॅस म्हणजे कचरा नव्हे. साखर कारखाना ते बॉयलरला घालतो, त्यावर वीज करतो. आणि पीएलएची वस्तू बांधावर टाकली की आपोआप कुजत नाही, तिला मोठ्या कंपोस्ट प्रकल्पातली साठेक अंशांची ऊब लागते.

आता पोटाचं. फक्त बायोप्लॅस्टिकच्या नोकऱ्या आज थोड्याच आहेत, हे स्पष्ट सांगतो. म्हणून 'पर्यावरण' नावाच्या कोर्सला घालू नका, पॉलिमरला, म्हणजे प्लॅस्टिकसारख्या पदार्थांच्या अभ्यासाला घाला. साचा, तापमान, आकुंचन हे ज्ञान साध्या प्लॅस्टिकच्या कारखान्यातही चालतं. जवस, ताग यांचे तंतू घातलेले गाडीच्या दाराचे आतले पॅनल युरोपात कित्येक वर्षं बनताहेत. आपल्या शेजारी जेजुरीला २०२४ मध्ये प्राज या कंपनीने पीएलएचा प्रात्यक्षिक प्रकल्प सुरू केला.

सीईटीचे गुण चांगले आले तर मुंबईच्या आयसीटीत (इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी) पॉलिमर इंजिनिअरिंगचं बी.टेक. नाही जमलं तर सांगलीत किंवा कऱ्हाडात केमिस्ट्रीची बीएस्सी आणि मग छत्रपती संभाजीनगरच्या सिपेटसारख्या प्लॅस्टिकचं शिक्षण देणाऱ्या संस्थेतून पदव्युत्तर डिप्लोमा. दुसरी वाट मला कमी वाटत नाही. सिपेटमध्ये हात मशीनला लागतात.

परीक्षा झाल्यावर कुपवाड एमआयडीसीत ओळखीने एखादं मोल्डिंग युनिट शोधा आणि आठवडाभर तिला तिथे उभी करा. तो उकाडा, तो आवाज सोसून ती दुसऱ्या दिवशी आपणहून निघाली, तर घरच्यांना मी समजावतो.

तोवर तिला तीन ताटल्या करायला सांगा: एक साध्या बगॅसची, एक चुन्याच्या निवळीत भिजवून धुतलेल्या बगॅसची, एक नुसत्याच खूप वाळवलेल्या बगॅसची. रोज संध्याकाळी वजन करून वहीत लिहायचं. महिन्याने ती वही मला पाठवा.