वाचकांचे प्रश्न : उघड्या काँक्रीटची छायाचित्रे

प्रश्न : चंडीगडमधील उघड्या काँक्रीटच्या इमारती पाहिल्यापासून मला ब्रुटलिस्ट शैलीतील वास्तूंची छायाचित्रे काढण्याची ओढ लागली आहे. सांगलीत तशा इमारती फारशा दिसत नाहीत, म्हणून मी मोबाइलवर पुलांची आणि पाण्याच्या टाक्यांची छायाचित्रे काढतो. परंतु ती निर्जीव वाटतात, खांब मागे कलल्यासारखे दिसतात आणि कृष्णधवल केली तरच थोडी बरी वाटतात. काय करावे?
– एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : आपण पूल आणि टाक्या निवडल्यात, हे उत्तम केलेत. सेंट्रिंग, म्हणजे काँक्रीट ओतण्याचा फळ्यांचा साचा, काढल्यावर काँक्रीट जसे निघाले तसेच, गिलावा न करता ठेवायचे, हा ब्रुटलिस्ट वास्तूंचा एक मोठा विशेष आहे. १९५२ मध्ये पूर्ण झालेल्या फ्रान्समधील मार्सेय येथील निवासी इमारतीत वास्तुविशारद ल कॉर्ब्युझिए यांनी सेंट्रिंगच्या फळ्यांचे ठसे तसेच राहू दिले आणि पुढे चंडीगडलाही तेच केले. आपल्याकडे इमारतींवर गिलावा आणि रंग चढतो. काँक्रीट उघडे राहते ते पुलांच्या खांबांवर, गर्डरवर (आडव्या तुळयांवर) आणि टाक्यांच्या सांगाड्यावर. ही बांधकामे ब्रुटलिस्ट नव्हेत, कारण ती सोय आणि खर्च पाहून उभी राहिली आहेत. पण प्रकाश त्यांच्यावर तसाच पडतो आणि छायाचित्रकाराला तेवढे पुरेसे आहे. सांगलीतील कृष्णेवरचा आयर्विन पूल मात्र या यादीत घेऊ नका. १९२९ मध्ये खुला झालेला तो पूल दगडी आहे, त्याचा पोत निराळा आहे आणि त्याला स्वतंत्र वेळ द्यायला हवा.

छायाचित्रे निर्जीव येण्याचे कारण बहुधा प्रकाशाची दिशा हे असावे. सूर्य आपल्या पाठीशी असला की काँक्रीटचा पृष्ठभाग सपाट दिसतो, कारण त्यावरच्या उंचसखलपणाची सावलीच पडत नाही. तोच प्रकाश भिंतीला घासून गेला की फळीफळीतला सांधा, त्या फटीतून गळून घट्ट झालेल्या सिमेंटची बारीक कड, एका दिवसाचे काम थांबून दुसऱ्या दिवशी सुरू झाल्याची आडवी रेघ, हे सारे उठून येते. सांगली आणि सांगलीवाडी यांना जोडणारे पूल साधारण पूर्व-पश्चिम असल्यामुळे त्यांची एक बाजू दक्षिणेकडे आणि दुसरी उत्तरेकडे असते. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून जातो. तेव्हा दक्षिण बाजू दिवसभर उजळलेली असते आणि उत्तर बाजूला थेट ऊन मिळतच नाही. मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात दुपारी सूर्य सांगलीच्या जवळजवळ डोक्यावर येतो. त्या वेळचे ऊन उभ्या पृष्ठभागावरून वरून खाली घसरत जाते आणि आडव्या सांध्यांच्या लांब सावल्या पडतात. भर दुपारी कॅमेरा बाहेर काढू नये असे सांगितले जाते, परंतु काँक्रीटच्या बाबतीत तो नियम मला मान्य नाही.

ढगाळ दिवसही वाया घालवू नका. जर्मनीतील छायाचित्रकार दांपत्य बर्न्ड आणि हिला बेखर यांनी पाण्याचे मनोरे ढगाळ, सावलीविरहित प्रकाशात, समोरून आणि एकसारख्या मांडणीत टिपले, त्यामुळे मनोऱ्यांच्या आकारांतला फरक स्पष्ट झाला. याउलट ल कॉर्ब्युझिए यांच्या इमारती टिपणारे ल्यूसियाँ एर्वे यांनी कडक ऊन आणि काळ्याभोर सावल्या वापरल्या. आकार दाखवायचा असेल तर बेखर दांपत्याची वाट धरा, घडण आणि वजन दाखवायचे असेल तर एर्वे यांची. सांगली परिसरातील टाक्यांची मालिका ढगाळ हवेत करून पाहावी, असे मी आवर्जून सुचवतो.

खांब कलतात ते मोबाइल वर उचलल्यामुळे. त्याची मुख्य भिंग रुंद कोनाची असते आणि जवळ उभे राहून ती वर वळवली की उभ्या रेषा वरच्या बाजूला एकमेकींकडे झुकतात. मोबाइल उभ्या पातळीत धरा, शक्य तितके लांब जा, दुप्पट झूमची वेगळी भिंग असेल तर ती वापरा आणि खाली आलेली जास्तीची जमीन नंतर कापा. घाटाच्या पायऱ्यांची उंची आणि समोरचा काठ, दोन्हींचा येथे उपयोग होतो. खांब सरळ दिसावेत, नाहीतर ठरवून पुरते झुकवावेत. अर्धवट कललेला खांब केवळ चूक वाटतो.

चित्र किती उजळ यावे हे ठरवणारे प्रकाशमापन आभाळावर सोडलेत तर काँक्रीट काळवंडते, म्हणून पडद्यावर खांबावर बोट ठेवून ते ठरवा. सावल्या आपोआप उजळणारी एचडीआर सोय बंद ठेवा, कारण ती नेमका खोलीचा आभास पुसून टाकते.

कृष्णधवलाविषयी माझे मत स्पष्ट आहे : आधी रंगीत काढा. आपल्याकडचे काँक्रीट नुसते राखाडी नसते. पावसाळ्यानंतर त्यावर शेवाळ काळेहिरवे पडते, उघड्या पडलेल्या सळईचा गंज तांबडा ओघळतो आणि कृष्णेचा गाळ खांबांवर फिकट तपकिरी पट्टा सोडून जातो. आयर्विन पुलाजवळ ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी मानली जाते. २०१९ च्या महापुरात पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते. नदी उतरल्यावर खांबावर राहणारा हा पट्टा सांगलीकर लगेच ओळखतील आणि तो रंगातच कळतो. पूर असताना मात्र काठाजवळ जाऊ नका.

प्रश्न : इमारतीचे छायाचित्र मालकाच्या परवानगीशिवाय प्रसिद्ध करता येते का? कोयना धरणाचे छायाचित्र काढावे का?
– एक वाचिका, सातारा

उत्तर : कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२ नुसार वास्तुकृतीचे छायाचित्र काढणे किंवा प्रसिद्ध करणे हे वास्तुविशारदाच्या हक्काचे उल्लंघन ठरत नाही. खासगी आवारात शिरण्याची मुभा मात्र त्यामुळे मिळत नाही. धरणे, रेल्वेचे पूल आणि वीजकेंद्रे यांचा विषय सुरक्षेचा आहे. तेथे मनाईचा फलक असेल तर कॅमेरा काढू नये, आणि धरणाचे चित्र हवेच असेल तर जलसंपदा विभागाच्या संबंधित कार्यालयाकडे लेखी अर्ज करावा. अर्जात तारीख, हेतू आणि सोबत किती माणसे असतील हे लिहिले तर पुढचा पत्रव्यवहार टळतो.