सेन्चासाठी छोटी किटली: आधी पान बघा, मग किटली

तुमच्याकडे जपानहून आलेलं सेन्चाचं, म्हणजे पान वाफवून केलेल्या हिरव्या चहाचं, पाकीट आहे, पिणारी माणसं दोन आहेत, आणि प्रश्न असा की काळी लोखंडी किटली घ्यावी की मातीची, आणि केवढी.

लोखंडी घेऊ नका. ‘जपानी कास्ट आयर्न’ म्हणून ज्या छोट्या रंगीत किटल्या विकल्या जातात, त्यांना आतून एनॅमलचा थर असतो. त्या गॅसवर ठेवल्या तर थर तडकतो, म्हणजे पाणी उकळायला त्या निरुपयोगी. (पाणी उकळायची ती तेत्सुबिन. तिला आतून एनॅमल नसतं आणि तिच्यात चहाची पानं घालत नाहीत.) शिवाय लोखंड उष्णता धरून ठेवतं, आणि सेन्चाला तेच बाधतं. गरम पाण्यात तुरट कॅटेचिन आणि कॅफीन भराभर उतरतात. गोडसर चव देणारं थिअनिन मात्र कोमट पाण्यातही उतरतं. म्हणून पातळ भिंतीची, हलकी, पटकन रिकामी करता येणारी मातीची किटली घ्या. बाजूला सरळ दांडा असलेली, म्हणजे योकोदे क्यूसु. अंगठा झाकणावर राहतो आणि नुसतं मनगट वळवून शेवटच्या थेंबापर्यंत ओतता येतं. डावखुऱ्यांसाठी उलट्या बाजूला दांडा असलेल्याही मिळतात. घरात ओतणारं कोण, ते आधी ठरवा.

आता आकार. विकणारे सांगतात तो आकडा बहुधा काठोकाठ भरल्यावरचा असतो. प्रत्यक्षात पाऊण भाग धरायचा. दोघांना ७०–८० मिलीचे दोन कप हवेत, तर २०० ते २५० मिलीची किटली पुरते. ‘पाहुणे आले तर’ म्हणून ५०० मिलीची घेऊ नका. तिच्यात ४ ग्रॅम पान तळाशी पसरून राहतं, पाणी लवकर निवतं आणि चहा फिका होतो. ग्योकुरो (सावलीत वाढवलेला जपानी हिरवा चहा) पिणार असाल तर १०० मिलीच्या आसपासची वेगळी घ्यावी लागेल, पण ते पुढे कधीतरी.

सगळ्यात जास्त वेळ द्यायचा तो गाळणीला. त्यासाठी पाकीट फोडून पान तळहातावर घ्या. सुईसारखं लांब, अखंड दिसलं तर ते कमी किंवा मध्यम वाफवलेलं. बारीक चुरा आणि हिरवी भुकटी जास्त असेल, तर ते फुकामुशी, म्हणजे जास्त वेळ वाफवलेलं. सुईसारख्या पानाला तोटीच्या मुळाशी मातीतच पाडलेल्या बारीक छिद्रांची गाळणी उत्तम. तिला सासामे म्हणतात. धातूचा संबंध नाही, वर्षानुवर्षं टिकते. फुकामुशीचा चुरा मात्र ही छिद्रं बुजवतो. ओतताना धार बारीक होत जाते, आत अडकलेलं पाणी पानांत मुरतच राहतं, आणि शेवटचा घोट कडवट लागतो. लोक मग पानाला नावं ठेवतात. फुकामुशीसाठी आतल्या भिंतीला पट्ट्यासारखी स्टीलची जाळी बसवलेली किटली घ्या. एक बाजू बुजली तरी बाकीच्या जाळीतून पाणी निघतं. काढता येणारी टोपलीसारखी जाळी धुवायला सोपी असते, पण पानांना उलगडायला जागा उरत नाही आणि पाणी कमी असेल तर ते टोपलीच्या खालीच राहतं.

माती कुठली? आइची प्रांतातल्या तोकोनामेची लाल माती आणि मिए प्रांतातल्या योक्काइचीची जांभळट बान्को, दोन्ही लोहयुक्त आणि सेन्चासाठी नावाजलेल्या. लाल मातीत तुरटपणा मऊ होतो असं जाणकार सांगतात. पण तेवढ्यावर जास्त पैसे मोजू नयेत असं माझं मत. झिलई नसलेली माती वास धरते. होजिचा (भाजलेला जपानी चहा) किंवा फुलांचा चहाही त्याच किटलीत करणार असाल तर आतून झिलई असलेली किंवा पोर्सिलेनची घ्या. आल्याचा चहा तर झिलई नसलेल्या किटलीत कधीच नको.

हातात आली की पाणी भरून तपासा. ओतताना झाकणावरचं छिद्र बोटाने दाबलं की धार थांबली पाहिजे. तरच झाकण नीट बसलेलं आहे. ओतणं थांबवल्यावर तोटीखालून ओघळ बुडापर्यंत जात असेल तर परत करा, तो दोष सवयीने जात नाही. तोटीच्या टोकाला पारदर्शक प्लास्टिकची नळी असेल तर ती काढून टाका. ती फक्त प्रवासात टोक फुटू नये म्हणून असते. तशीच ठेवली तर आत चहा साचून बुरशी धरते.

चहा करताना ४ ग्रॅम पान, १५० मिली पाणी. एका भांड्यातून दुसऱ्यात ओतलं की पाणी साधारण १० अंश उतरतं. म्हणजे आधणाचं पाणी आधी कपांत, कपांतून दुसऱ्या भांड्यात, तिथून किटलीत, की ७० च्या आसपास येतं. सुईसारख्या पानाला ६० सेकंद, फुकामुशीला ३०–४०. हलवू नका, हलवल्याने चुरा सुटतो आणि गाळणी बुजते. दोन्ही कपांत आळीपाळीने थोडं थोडं ओता आणि किटली पूर्ण निथळू द्या. मग झाकण किंचित सरकवून ठेवा, नाहीतर आतल्या वाफेत पानं शिजतात. दुसऱ्या वेळी पाणी थोडं जास्त गरम आणि १०–१५ सेकंद पुरे.

धुताना साबण नको. चोथा काढून, गाळणीवर उलट बाजूने पाण्याची धार सोडा आणि झाकण काढून वाळवा.

एवढं करूनही चहा मळकट रंगाचा आणि बेचव झाला तर पाणी तपासा. जपानमधलं पाणी बहुतेक ठिकाणी मृदू आहे आणि हा चहा त्याच पाण्यात घडलेला. बोअरच्या जड पाण्यात तो खुलत नाही. एकदा फिल्टरच्या पाण्यात करून बघा.