तेर्साला बसले की माझाच धीर सुटतो

प्रश्न: बाई, सप्रेम सलाम. मी मूळची नगरची, मिशनच्या चर्चमध्ये वाढलेली. लग्न होऊन म्हापशाजवळ आले, सासर कॅथलिक. पणजीहून कदंब बसने सातला दमूनभागून घरी यावं, तर मांय (माझ्या सासूबाई) वेदीपुढे मेणबत्ती लावून वाटच बघत असतात. तेर्स (म्हणजे रोजरी, जपमाळेची प्रार्थना) त्या एकेक शब्द चघळत म्हणतात. तो झाला की गेलेल्या माणसांसाठी, तारवावरच्या भाच्यासाठी, शेजारणीच्या गुडघ्यासाठी वेगळ्या प्रार्थना. पाऊण तास सहज जातो. मुलगा नऊ वर्षांचा. तो चुळबुळतो, मी त्याला चिमटे काढते. देवाकडे धीर मागायला बसायचं आणि तिथेच तो संपायचा, असं रोज चाललंय. शिवाय ‘व्यर्थ बडबड करू नका’ असं येशूनेच सांगितलंय ना? मग तेच ते पन्नास वेळा कशाला? मी बसणंच सोडलं तर पाप लागेल का?
— एक सून, म्हापसा

उत्तर: पाप-बिप काही लागत नाही. पोप सहावे पॉल यांनी १९७४ साली मारियेच्या भक्तीवर जे पत्र काढलं, त्यात रोजरीची भरपूर थोरवी गायली आहे. पण भाविकांना तिची सक्ती वाटू नये, गोडी लागली म्हणून त्यांनी तिच्याकडे यावं, असंही त्यात स्पष्ट म्हटलंय. आणि त्याच पत्रात हेही आहे की ही प्रार्थना संथ लयीत, रेंगाळत म्हणायची असते. म्हणजे एक मुद्दा तुझ्या बाजूचा, एक मांयच्या.

बडबडीचं म्हणशील तर मत्तयाच्या सहाव्या अध्यायातलं ते वचन मलाही पाठ आहे. आता त्याच मत्तयाचा सव्विसावा अध्याय काढ. गेथशेमानेत येशू तिसऱ्यांदा जातो आणि पुन्हा त्याच शब्दांत प्रार्थना करतो. नगरला तुम्ही १३६ वं स्तोत्र वाचलंच असणार. सव्वीस वचनं, प्रत्येकाचा शेवट तोच. त्याचा कंटाळा नाही आला, कारण ते माहेरचं होतं. रागावू नकोस हं.

आता धीराचं. तेर्स चालतो कसा ते जरा बारकाईने बघ. मांय मारियेच्या वंदनेतल्या ‘नमान मारिये’पासून ‘जेजू’पर्यंत, म्हणजे येशूच्या नावापर्यंत, येतात आणि थांबतात. मग तुम्ही सगळे ‘भागेवंते मारिये, देवाचे माये’ उचलता. त्यांचं अर्धं पुरं झाल्याशिवाय तुला तुझं अर्धं म्हणता येत नाही, आणि तुमचं आमेन झाल्याशिवाय त्यांना पुढचा मणी सरकवता येत नाही. एका दशकात, म्हणजे दहा मण्यांत, दहा वेळा, पाच दशकांत पन्नास वेळा. घाईतला माणूस काय करतो, तर समोरच्याच्या ‘जेजू’वरच आपलं ‘भागेवंते’ चढवतो. आमचे थोरले दीर भुकेले असले की हमखास असं करत. सासरे काही बोलत नसत. मणी चिमटीत तसाच धरून ती नमान मारिये पहिल्यापासून सुरू करत. जेवण आणखी लांबे.

तू उद्यापासून एवढंच कर: मांयचा शेवटचा शब्द पूर्ण ऐकायचा, मग तोंड उघडायचं. मनात शांती वाटतेय का, हे तपासत बसू नकोस. राग आला तरी येऊ दे. रागातसुद्धा दुसऱ्याचा श्वास पुरा होईपर्यंत गप्प राहता येतं.

धीरावर प्रवचन असलं की पाद्री याकोबाच्या पाचव्या अध्यायातला शेतकरी काढतात, पहिल्या आणि शेवटच्या पावसापर्यंत पिकाची वाट बघणारा. दोनच वचनं पुढे याकोब म्हणतो, एकमेकांविषयी कुरकुर करू नका. तिथवर प्रवचन सहसा पोचत नाही. पावसावर चिडून काही होत नाही, म्हणून आपण निमूट बसतो. सासूवर चिडता येतं, हीच अडचण आहे.

मुलाला चिमटे काढणं मात्र बंद. एक दशक त्याला चालवायला द्या. पहिलं अर्धं त्याने म्हणायचं, दुसरं आजीने. पोरं भरधाव म्हणतात. आजीला धाप लागेल, लागू दे. तेर्स संपल्यावर तो तिच्याकडे बेसांव (आशीर्वाद) मागतो की नाही, ते तू लिहिलं नाहीस. मागत नसेल तर तेवढी सवय लाव.

राहिला पाऊण तास. पाच दशकं अगदी संथ म्हटली तरी वीसेक मिनिटांत उरकतात. बाकीचं सगळं शेपूट. तारवावरच्या भाच्याचं नाव मांय गाळणार नाहीत, आणि तूही तसं सुचवू नकोस. घरचं माणूस बोटीवर असलं की आपल्याकडच्या बायकांचा जीव याच वेळेला त्याच्यापाशी असतो. पण गेलेल्यांची पूर्ण यादी फक्त रविवारी घ्यावी आणि शेजारणीचा गुडघा शेजारणीच्या घरच्या तेर्सात जावा, हे मांयना सांगण्यासारखं आहे. ते नवऱ्याने सांगायचं, तू नाही. तुझ्या एवढ्या पत्रात तो कुठेच दिसला नाही. संध्याकाळी सात ते पावणेआठ तो असतो कुठे, ते आधी कळव.