जैसलमेरला पहिल्यांदा जाताय? मग एवढं ऐका
भाऊ, भुसावळचं ऊन सोसलंय म्हणून मे महिन्यात जैसलमेर गाठू नका. डिसेंबरात जा, रात्रीसाठी स्वेटर घ्या. किल्ला ११५६ सालचा, पण आत अजून संसार चालतात. वाळत घातलेल्या कपड्यांखालून वाट काढावी लागते. पहिल्या खेपेला मी उंटाच्या नादात दिवस घालवला अन् पटवा व्यापाऱ्यांच्या हवेल्या धावतपळत पाहिल्या. अजून हळहळतो. पाच हवेल्या आहेत, पिवळ्या दगडाच्या. एकेका झरोक्यापुढे थांबा, दगडात जाळी कशी कोरलीय ते जवळून बघा. संध्याकाळी मांगणियार लोकगायकांचं गाणं चुकवू नका. त्यांचं खडताल वाद्य म्हणजे लाकडाच्या नुसत्या चार पट्ट्या, दोन्ही हातांत दोन-दोन, पण बोटं दिसेनाशी होतात! जेवणात केर-सांगरी मागा, म्हणजे वाळवंटातली केरची फळं अन् सांगरीच्या शेंगांची भाजी. शेवभाजी घरी आल्यावर आहेच.