पहिल्यांदाच जत्रेच्या नाटकात उभा राहतोयस ना, मग हे वाच

अरे बाबा, पार्ट निवडतानाच घोळ होतो. गावच्या देवळासमोर नाटक म्हणजे पुढच्या खुर्च्यांवर मामा, काकी, शेजारी, आणि ज्या घरात लग्नाचं बोलणं चाललंय ते लोक पण. त्यामुळे सगळ्यांना राजा नाहीतर शिवाजी महाराज हवे असतात, खलनायक कोणालाच नको, लोक उद्या बाजारात त्याच नावाने हाक मारतील म्हणे. मी पण पहिल्या वर्षी इज्जतीपोटी मोठा पार्ट घेतला, पाठांतर झालं नव्हतं पण तसं सांगायची लाज वाटली, आणि ऐन दुसऱ्या अंकात विंगेतून वाक्यं सांगणारा प्रॉम्प्टर प्रेक्षकांनाच माझ्यापेक्षा जास्त ऐकू यायला लागला 😅

आपल्या गोव्यातल्या मंगेशीचे गायक-नट मास्टर दीनानाथ मंगेशकर, जन्म १९०० चा, त्यांचं नाव आधी स्त्री पार्टांतच गाजलं आणि १९१८ मध्ये त्यांनी बळवंत संगीत मंडळी ही नाटक कंपनी काढली. आज पणजीला कला अकादमीच्या नाट्यगृहाला त्यांचं नाव आहे. आणि आपल्याकडे पोरं साडी नेसायला नको म्हणतात, मित्र व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो फिरवतील म्हणून.

तर तू छोटा पण रंगतदार पार्ट माग, दुष्ट असला तरी चालेल. तालमीत चुकलास तर सरळ बोल, 'येत नाही, परत घेऊया'. ड्रेपरी, म्हणजे नाटकाचे कपडे, भाड्याचीच घे, भारीतली शिवायला कर्ज नको, घरचे आग्रह करतील तरी. आणि मेकअपचा रंग आधी चेहऱ्याला सोसतो का बघ, मला पुरळ आलं होतं.